मेजर मँट यांचें कोल्हापूर

कोल्हापूर म्हटलें कीं बाहेरगांवच्या माणसास अंबाबाईचें देऊळ, रंकाळा आणि तालमी आठवतात. इमारतींचा विषय निघालाच तर बोलणें देवळापाशीं सुरू होतें आणि बहुधा तेथेंच संपतें. परंतु देवाधर्माशीं संबंध नसलेल्या, केवळ लौकिक व्यवहारासाठीं उभ्या राहिलेल्या अशा कांहीं दगडी वास्तू ह्या शहरांत आहेत, कीं त्यांच्यावांचून कोल्हापूरच्या गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास नीट सांगतां येणार नाहीं. टाउन हॉल, त्याच्या समोरचें मोठें इस्पितळ आणि शहराच्या उत्तरेचा नवा राजवाडा ह्या तिहींचे आराखडे एकाच माणसाच्या हातचे आहेत. मुंबई इलाख्यांतील लष्करी इंजिनियर मेजर चार्ल्स मँट हा तो माणूस. त्यांच्या इमारतींच्या पायऱ्या रोज शेंकडों लोक चढतात. त्यांचें नांव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें.

मँट येण्यापूर्वीं कोल्हापुरांत दगडकामाची वानवा होती असें मुळींच नव्हे. शिलाहारांच्या काळापासून ह्या भागांतील पाथरवटांची टांकी काळ्या दगडावर चालत आलेली आहे, आणि जुन्या राजवाड्याचा नगारखाना पाहिला म्हणजे ती एकोणिसाव्या शतकापर्यंत थांबलेली नव्हती हें कळतें. पण जुन्या कारागिरांस जीं बांधकामें ठाऊक होतीं तीं चार प्रकारचीं: देऊळ, वाडा, किल्ला आणि घाट. देवळाचा मंडप कोठें, गाभारा कोठें, ह्याचे नियम पिढ्यान् पिढ्या ठरलेले. वाडा म्हटला कीं चौक, सोपा, ओसरी, दिवाणखाना हा क्रम ठरलेला. आतां अशा कारागिरास कोणी सांगितलें, कीं बाबा रे, पुष्कळ रोगी एका वेळीं निजतील, त्या सर्वांस उजेड आणि वारा मिळेल, असें एक घर बांध. किंवा शहरांतले लोक एकत्र बसून सभा भरवतील, व्याख्यानें ऐकतील, अशी एक जागा बांध. तर त्यानें काय करावें? हातांत कसब होतें, डोळ्यांपुढें नमुना नव्हता. इमारतींचें प्रयोजनच नवें असल्यामुळें त्यांची मांडणी विलायतेकडून आली. ती मांडणी घेऊन तिला अंगरखा कोणता घालावा, हा प्रश्न मात्र खुला राहिला, आणि मँट यांनीं त्याचीं दहा-बारा वर्षांत दोन अगदीं निराळीं उत्तरें दिलीं. हीं दोन्ही उत्तरें एकाच शहरांत, चालत जाऊन पाहतां येतात, हें कोल्हापूरचें वैशिष्ट्य.

ह्या कथेचा पहिला धागा इटलींत सांपडतो. १८६६ सालीं गादीवर आलेले छत्रपति राजाराम महाराज १८७० मध्यें विलायतेस गेले. वय अवघें वीस. इंग्रजी शिकलेले, रोजची टिपणें ठेवणारे हे तरुण महाराज तेथील नव्या संस्था कुतूहलानें पाहात हिंडले. त्यांची ही दैनंदिनी पुढें कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनीं संपादून १८७२ सालीं प्रसिद्ध केली. तोंवर महाराज राहिले नव्हते. परतीच्या प्रवासांत फ्लॉरेन्स येथें ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांचा अंत झाला. आर्नो नदीला मुग्नोने नांवाचा प्रवाह जेथें मिळतो त्या संगमावर हिंदु रीतीनें त्यांचें दहन करण्यांत आलें. ख्रिस्ती शहरांत अशा दहनास परवानगी मिळणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. त्या जागीं १८७४ सालीं छत्री उभी राहिली. आंतला अर्धपुतळा चार्ल्स फुलर ह्या शिल्पकारानें घडविला; वरच्या छत्रीचा आराखडा मँट यांचा. आपल्याकडे राजपुरुषांच्या दहनस्थानीं छत्र्या असतात तशीच ही, चार खांबांवर पेललेली. फ्लॉरेन्सचे लोक ह्या स्मारकास ‘इंडियानो’ म्हणतात, आणि एकशें कांहीं वर्षांनीं जवळच नवा पूल झाला तेव्हां त्यालाहि तेंच नांव मिळालें. परक्या मुलखांत देशी घाटाची छत्री काढणारा हाच इंजिनियर त्याच वर्षांत कोल्हापुरांत अस्सल विलायती घाटाचें काम करीत होता, ही गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तें काम म्हणजे टाउन हॉल. बांधकाम १८७२ ते १८७६. राजाराम महाराजांच्या मागें दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयी असल्यामुळें संस्थानाचा कारभार इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखालीं चालला होता. मुंबईंत तेव्हां गॉथिक शैलीचा अंमल जोरांत होता. किल्ल्याचे तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेंत युनिव्हर्सिटीची लायब्ररी आणि राजाबाई टॉवर उभें राहात होतें. त्यांचे नकाशे काढणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानांत कधींहि न येतां लंडनांत बसून रेघा ओढीत होते. कोल्हापूरचा टाउन हॉल त्याच वळणाचा आहे, पण तो काढणारा माणूस ह्या मुलखांत वावरलेला होता. टोकदार कमानी, उंच उतरतीं छपरें, शिखरासारखे निमुळते होत गेलेले माथे असा त्याचा थाट आहे.

गॉथिकची टोकदार कमान केवळ शोभेसाठीं नसते. अर्धवर्तुळी कमानीची उंची तिच्या रुंदीवर ठरते. गाळा दहा फुटांचा असेल तर कमान पांच फूट चढणार, तिला अधिक चढवितां येत नाहीं. टोकदार कमान हवी तितकी उंच नेतां येते, म्हणून अरुंद गाळ्यांतहि उंच खिडकी बसते आणि उजेड सभागृहांत खोलवर पोंचतो. उत्तर युरोपांत सूर्यप्रकाशाची चणचण, तेथें ह्या युक्तीचें मोल फार. कोल्हापुरास उजेडाची ददात कधींच नव्हती. उलट उतरतें छप्पर मात्र येथें परकें वाटण्याचें कारण नाहीं. पन्हाळ्याकडील आणि गगनबावड्याकडील घरें पाहिलेल्या माणसास तें ओळखीचेंच वाटेल, कारण मृगापासून पुढें तीन महिने पाऊस काय करतो हें त्या घरांस पुरतें ठाऊक असतें.

इस्पितळाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. इंग्लंडचे युवराज आल्बर्ट एडवर्ड १८७५-७६ च्या हिवाळ्यांत हिंदुस्थानांत येऊन गेले आणि त्यांचें नांव ह्या इमारतीस मिळालें. पुढें तें बदलून छत्रपति प्रमिलाराजे यांचें नांव आलें. आज सारा जिल्हा तिला ‘सी. पी. आर.’ एवढ्याच अक्षरांनीं ओळखतो. त्या काळच्या इस्पितळांत खिडक्यांस येवढें महत्त्व कां, तर रोग दूषित हवेनें पसरतात अशी वैद्यांची तेव्हां समजूत होती. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं दाखवून दिला तो १८८२ सालीं. समजूत चुकीची ठरली, खिडक्या मात्र बरोबर ठरल्या.

आतां नवा राजवाडा. १८७७ मध्यें काम सुरू झालें आणि १८८४ मध्यें संपलें. खर्च सुमारें सात लाख रुपये झाला असें सांगतात. टाउन हॉल पाहून कोणी थेट येथें आला तर हें त्याच माणसाचें काम आहे ह्यावर त्याचा विश्वास बसणार नाहीं. टोकदार कमानी गेल्या. त्यांच्या जागीं महिरपी आल्या. शिखरांऐवजीं घुमट आणि छत्र्या आल्या. कोपऱ्यांवर अष्टकोनी बुरूज, मध्यें घड्याळाचा उंच मनोरा, जागोजागीं झरोके आणि हस्तांवर पेललेले सज्जे. गुजरात आणि राजस्थान येथील जैन व हिंदु वास्तूंतून, भरतपूरच्या किल्ल्यांतून आणि डीगच्या महालांतून हीं अंगें उचललेलीं आहेत, आणि तीं काळ्या दगडांत उतरविलेलीं आहेत.

ह्या शैलीस इंग्रजांनीं ‘इंडो-सारासेनिक’ असें नांव दिलें. सारासेन म्हणजे मुसलमान. कोल्हापूरच्या राजवाड्यावरील बहुतेक घाट हिंदु आणि जैन असतां त्यास हें नांव कां पडावें, ह्याचें उत्तर एवढेंच, कीं नांव ठेवणाऱ्यांना हिंदुस्थानचें सारेंच एका गांठोड्यांत बांधावयाचें होतें. मँट यांची स्वतःची ओढ हिंदु घाटांकडे अधिक होती, हें राजवाडाच सांगतो.

हे घाट परस्परांशीं जुळविणें दिसतें तितकें सोपें नसतें. आपल्या जुन्या देवळांत भार पेलण्याची रीत उभ्या खांबाची आणि आडव्या तुळईची. दगडाची तुळई फार लांब टाकली तर मधोमध तडकते, म्हणून खांबाच्या माथ्यावर दोन्ही अंगांस हस्त काढून मधलें अंतर कमी करतात. देवळाचा घुमटहि त्याच विचाराचा: दगडाचा एकेक थर थोडथोडा आंत सरकवीत वर न्यावयाचा, आणि शेवटीं वर एक झांकणदगड बसवावयाचा. ह्या पद्धतींत सारें वजन सरळ खालीं जातें. कमानीचें गणित निराळें आहे. तिचे पाचरीसारखे दगड एकमेकांस रेटून वर टिकतात, आणि तो रेटा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर अहोरात्र पडत असतो. भिंत अशक्त असेल तर ती आज ना उद्यां बाहेर कलणार. कमान कधीं झोंप घेत नाहीं असें हिंदु कारागीर म्हणत, अशी नोंद जेम्स फर्ग्युसन यांनीं केलेली आहे. हिंदी वास्तुशिल्पाचा त्यांचा मोठा इतिहास, राजवाड्याचा पाया पडण्याच्या आदल्याच वर्षीं, १८७६ त, प्रसिद्ध झाला होता. मँट यांना एकाच इमारतींत तुळईहि हवी होती आणि कमानहि. म्हणजे एका अंगास निजणारा दगड आणि दुसऱ्या अंगास जागता दगड, असा संसार त्यांनीं मांडला.

हा संसार कसा जमला तें दरबारच्या दालनांत उत्तम दिसतें. दालन दोन मजल्यांच्या उंचीचें आहे. दोन्ही बाजूंस महिरपी कमानींची रांग, आणि कमानींत रंगीत कांचा. वरच्या अंगास नक्षीचे हस्त पुढें आलेले आहेत आणि त्यांच्यावर सज्जा टेकलेला आहे. दृष्टि तेवढ्यावर थांबली तर वाटावें कीं गुजराथेंतील एखाद्या जुन्या वास्तूचा मंडपच येथें आणून ठेवला. परंतु तो सज्जा ओतीव लोखंडाचा आहे. देवळाच्या हस्तांनीं कारखान्यांतलें लोखंड उचलून धरलें आहे, आणि तें विजोड दिसत नाहीं. कांचांचेंहि तसेंच. रंगीत कांचांत चित्रकथा सांगण्याची कला युरोपांतील चर्चमध्यें वाढली. तेथें खिडक्यांतून संतांचीं चरित्रें उजळतात. कोल्हापुरांत त्याच कलेनें शिवछत्रपतींच्या चरित्रांतील प्रसंग रंगविले. दिवस कलतां ऊन त्या कांचांतून येतें तेव्हां मराठ्यांचा इतिहास दालनाच्या फरशीवर पसरतो.

मनोऱ्यावरच्या घड्याळाविषयींहि दोन शब्द सांगावयास हवेत. जुन्या राजवाड्यास नगारखाना होता. राजाच्या घराची वेळ चौघड्यानें शहरास कळत असे. नव्या राजवाड्यानें तें काम घड्याळाकडे दिलें. तास आणि मिनिटें हीं कचेरीचीं मापें आहेत. राजवाड्याच्या मस्तकावर घड्याळ चढलें यांतच कारभाराची सूत्रें कोणाच्या हातीं गेलीं होतीं तें दिसून येतें.

कारण हा राजवाडा बांधला जात होता तीं वर्षें कोल्हापूरच्या इतिहासांतील अत्यंत दुःखाचीं वर्षें होतीं. ज्या चौथ्या शिवाजी महाराजांसाठीं तो उठत होता त्यांस इंग्रज अधिकाऱ्यांनीं वेडे ठरविलें होतें. महाराजांचा छळ होत आहे, त्यांना मुद्दाम वेडे ठरविलें जात आहे, अशी हाकाटी महाराष्ट्रभर उठली. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली, अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांनीं मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढले. हें ‘कोल्हापूर प्रकरण’ मराठी माणसास शाळेपासून ठाऊक असतें. परंतु त्याच महिन्यांत कोल्हापुरांत पाथरवट महिरपी घडवीत होते, आणि एका राजाच्या पूर्वजाचीं शौर्यचित्रें लावण्यासाठीं दालन तयार होत होतें, ह्याची सांगड सहसा कोणी घालीत नाहीं. महाराजांस अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. तेथेंच २५ डिसेंबर १८८३ रोजीं, ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वय वीस. पुढच्याच वर्षीं राजवाडा पुरा झाला.

मग हा राजवाडा कोणाचा म्हणावयाचा? पैसा संस्थानच्या रयतेचा, मंजुरी इंग्रजांच्या देखरेखीखालच्या कारभाराची, आराखडा इंग्रज इंजिनियराचा, हात कोल्हापूरचे, आणि मालक कैदेंत. हिंदु घाटाचा राजवाडा देऊन राजाचा मान राखल्याचा देखावा करावयाचा, आणि राजास मात्र किल्ल्यांत बसवावयाचें, अशी ह्या शैलीवर टीका करणारे करतात. ती अगदीं खोटी म्हणतां येणार नाहीं. तरीहि एक गोष्ट मँट यांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. त्यांच्या पिढीचे पुष्कळसे इंग्रज इंजिनियर हिंदी शिल्पाकडे केवळ कुतूहलाची वस्तु म्हणून पाहात. मँट यांनीं त्याचा अभ्यास केला, आणि आजच्या काळाच्या इमारती त्या भाषेंत लिहितां येतील असा विश्वास धरला. सरकारी बांधकामखात्याच्या ठराविक नकाशांच्या दिवसांत हा विश्वास दुर्मिळ होता.

दोष आहे तो दुसराच. राजवाड्याचें बाह्यांग पाहतांना वाटतें, कीं उभ्या हिंदुस्थानांतून वेंचून आणलेल्या नमुन्यांची ही वही आहे. कोल्हापूरच्या वाड्याची छाया कोठें कोठें जाणवते खरी. पण सारा जोर उत्तरेकडचा आहे. अंबाबाईचें देऊळ हांकेच्या अंतरावर, खिद्रापूरचा कोपेश्वर एका दिवसाच्या वाटेवर. तेथील स्वर्गमंडपाचें मधलें छत मोकळें ठेवून भोंवतीं खांबांचीं जीं वर्तुळें रचलीं आहेत, तशी रचना भरतपुरासहि नाहीं आणि डीगलाहि नाहीं. आपल्या दारचें सोडून इंजिनियरसाहेब इतके दूर गेले, ह्याची खंत खिद्रापूर पाहिलेल्या माणसास वाटल्यावांचून राहात नाहीं.

मँट यांना स्वतःला हा राजवाडा पुरा झालेला पाहतां आला नाहीं. कोल्हापुराबरोबरच त्यांच्याकडे बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा, दरभंग्याचें काम आणि अजमेरचें मेयो कॉलेज हीं आलेलीं होतीं. तीन-चार संस्थानांचे प्रचंड आराखडे एकाच माणसाच्या शिरावर. १८८१ सालीं, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असतां, ते वारले. शेवटच्या दिवसांत त्यांचें चित्त भ्रमलें होतें, आपलीं गणितें चुकलीं आहेत आणि आपण बांधलेले राजवाडे ढांसळणार आहेत ह्या भीतीनें त्यांना ग्रासलें होतें, असें इतिहासकार सांगतात. कमान झोंप घेत नाहीं हें कारागिरांचें बोलणें जणुं त्यांच्याच वांट्यास आलें. त्यांच्या मृत्यूनंतर मेयो कॉलेजची इमारत १८८५ सालीं पुरी झाली, आणि बडोद्याचा राजवाडा रॉबर्ट चिझम यांनीं १८९० मध्यें पुरा केला. गणितें चुकलीं नव्हतीं. १९६७ सालीं कोयनेच्या भूकंपानें सारा पश्चिम महाराष्ट्र हादरला. कोल्हापूरचा मनोरा आजहि उभा आहे.

राजवाडा ज्यांच्या कारकीर्दीनें खरा ओळखला गेला ते राजर्षि शाहू महाराज. १७ मार्च १८८४ रोजीं ते दत्तक आले आणि १८९४ मध्यें त्यांनीं राज्यकारभार हातीं घेतला. परकी कल्पना घेऊन ती आपल्या कामास लावण्यांत शाहू महाराज कोणासहि हार जाणारे नव्हते. १९०२ च्या विलायतेच्या प्रवासांत रोमन आखाड्यांचे अवशेष पाहून त्यांनीं पुढें खासबागेचें कुस्तीचें मैदान बांधविलें. तेथें ना मनोरा ना महिरप. मध्यें लाल मातीचा हौदा, आणि भोंवतालच्या उतारावर कोठूनहि कुस्ती दिसावी एवढीच चिंता. प्रयोजन आणि रूप यांचा मेळ मँट यांच्या कोणत्याहि इमारतीपेक्षां तेथें अधिक साधला आहे.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. त्याच वर्षीं टाउन हॉलमध्यें कोल्हापूरचें वस्तुसंग्रहालय आलें. पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सांपडलेल्या वस्तू तेथें ठेवलेल्या आहेत. त्यांत पोसिडन ह्या ग्रीकांच्या समुद्रदेवतेची एक लहान ब्राँझमूर्ति आहे. सातवाहनांच्या काळीं रोमशीं जो व्यापार चाले त्यांतून ती ह्या नदीकांठीं आली. नव्या राजवाड्याचा तळमजला १९७४ पासून संग्रहालय म्हणून लोकांस खुला झाला, वरच्या भागांत छत्रपतींचें घराणें राहतें. इस्पितळ इस्पितळच राहिलें. जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून येणारा रोगी अजूनहि त्याच दगडी कमानीखालून आंत जातो, आणि त्याच्याबरोबर आलेलीं माणसें समोरच्या टाउन हॉलच्या बागेंत झाडाखालीं भाकरी सोडून बसतात.